माळ्यावरच्या चार स्प्रिंगा

घरातले माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला कधी ना कधी पडतोच. कपडे गरजूंना देता येतात, चष्मा खणात ठेवता येतो, प्रार्थनेचे पुस्तक घरातलेच कोणी वापरू लागते. आमच्यापुढे मात्र हा प्रश्न निराळ्या रूपात उभा राहिला. आमचे थोरले बंधू २०२१ साली निवर्तले. मागे राहिली ती शहाडच्या घराच्या दारातली त्यांची फोर्ड आयकॉन गाडी, आणि माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या चार लाल स्प्रिंगा.

आयकॉन आपल्याकडे १९९९च्या अखेरीस आली. चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरातल्या कारखान्यात ती तयार होई. 'जोश मशीन' अशी तिची जाहिरात सर्वांच्या तोंडी होती. बंधूंची गाडी १.६ लिटर इंजिनाची. सुमारे ९० अश्वशक्ती आज कोणाला मोठीशी वाटणार नाही. पण त्या दिवसांत आमच्या गल्लीत तिचा केवढा दबदबा होता! आठवडाभर कारखान्यात पाळ्या करून दमलेले बंधू रविवारी मिस्सा आटोपली की तिला धूत, पुसत, आणि पावसाळा सरला की मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे एक फेरी मारून येत. वळणांवर ही गाडी कशी चिकटून चालते, हे ते आम्हांला परत परत सांगत.

त्या लाल स्प्रिंगा त्यांनी कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारातून आणल्या होत्या. त्या बसवल्या की गाडी चार सेंटिमीटरने खाली बसते. "पुढच्या दिवाळीनंतर बसवू," असे ते मुलाला सांगत. अशा कित्येक दिवाळ्या गेल्या. स्प्रिंगा माळ्यावरच राहिल्या.

गेल्या वर्षी गाडीच्या पुढच्या उजव्या चाकापाशी खडखड होऊ लागली. मेकॅनिकने पाहिले तेव्हा स्प्रिंगचा खालचा वेढा गंजून तुटलेला निघाला. नव्या स्प्रिंगा घालणे आता भागच होते. पुतण्याने लगेच माळा गाठला. "काका, पप्पांनी आणलेल्याच बसवायच्या," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जे होते, त्याला हौस म्हणणे अन्यायाचे झाले असते. बापाचा राहून गेलेला एक बेत त्याला पुरा करायचा होता. अशा वेळी नाही म्हणणे फार कठीण असते.

आम्ही जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे 'नाही' म्हणण्याऐवजी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पुतण्याचे म्हणणे निराधार नव्हते, हे आधी कबूल केले पाहिजे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरांवर आहे असे धरू. गाडी ४ सेंटिमीटर खाली आली, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार साधारण सात टक्क्यांनी कमी होतो. गाडी कमी कलते, चालवणाऱ्याला विश्वास वाटतो. शर्यतीच्या गाड्या जमिनीला टेकल्यासारख्या असतात त्या काही उगीच नव्हे.

पण गणिताला दुसरी बाजूही असते. चाक आणि वरची कमान यांमधली मोकळी जागा तरुण मुलांना ओंगळ वाटते. वस्तुतः रस्त्याचा धक्का जिरवण्यासाठीच ती राखलेली असते. समजा, चाकाला वर सरकायला ८ सेंटिमीटर वाव आहे. त्यातले ४ आपण काढून घेतले. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ती किती दबते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तोच धक्का निम्म्या अंतरात थोपवायचा, तर स्प्रिंग चौपट ताठ हवी. एवढी ताठ स्प्रिंग रोजच्या गाडीत कोणी घालत नाही. घातलीच तर आत कोणी बसणार नाही. मग उरलेला धक्का रबरी ठोकळ्यावर आदळतो, तिथून गाडीच्या सांगाड्यात आणि शेवटी माणसाच्या पाठीत जातो.

गल्लीतल्या एका मित्राने पुतण्याला स्वस्तातला उपाय सुचवला होता: नवी स्प्रिंग कशाला, जुनीचाच एक वेढा कापून टाकायचा. हा उपाय आपल्याकडे पुष्कळांनी केलेला आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. सहा कार्यक्षम वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग वीस टक्के ताठ होते खरी, परंतु तिची लांबी कमी होते, आणि चाक खड्ड्यात लोंबले की ती आपल्या बैठकीतून सैल होऊन निसटू शकते. ब्रेक दाबलेला असताना असे झाले तर काय होईल, हे सांगायला नको. योग्य मापाच्या आखूड स्प्रिंगा घातल्या, तरी त्यांना साजेसे शॉक अ‍ॅब्जॉर्बर लागतात, चाकांचे अलाइनमेंट नव्याने करावे लागते आणि दिव्यांचा झोतही पुन्हा जुळवावा लागतो.

रस्त्याचाही विचार केला. गतिरोधक कसा असावा, याचे माप इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिले आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर. एवढा रुंद असला की गाडी त्यावरून अलगद तरंगत जाते. आमच्या गल्लीतला गतिरोधक पुतण्याने टेप लावून मोजला. उंची १३ सेंटिमीटर भरली, रुंदी हातभर. पाच माणसे बसवून गाडी त्यावरून नेली, तेव्हा सायलेन्सरची नळी जेमतेम दोन बोटांनी सुटली. चार सेंटिमीटर म्हणजे दोन बोटांहून अधिक.

कायद्याचे कलमही आम्ही त्याच्यापुढे ठेवले. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच उचलून धरले. पुतण्या ऐकत होता. पण त्याची नजर त्या लाल स्प्रिंगांवरून हलत नव्हती. आकडे आणि कलमे यांनी मन वळत नाही, हा आमचा शाळेतला जुनाच अनुभव.

तेवढ्यात आतून आईने हाक मारली. आईचे वय ८१. २०२२ साली तिच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते की, ठेंगण्या आसनावर बसायचे नाही. गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. घरातल्या तिच्या खुर्चीवर म्हणूनच जाड उशी असते. चर्चला आणि दवाखान्यात ती जाते ती याच गाडीतून, पुढच्या डाव्या आसनावर बसून.

आमच्या मनात एक गोष्ट आली. वाड्यात एक लाकडी फळी पडली होती, चार सेंटिमीटर जाडीची. ती गाडीच्या डाव्या दारापाशी जमिनीवर ठेवायला आम्ही पुतण्याला सांगितले. फळीवर उभे राहून बसायचे, म्हणजे पायांच्या मानाने आसन तेवढेच खाली जाते. गाडी खाली आणली तर नेमके हेच घडणार होते.

आई फळीवर उभी राहिली, दाराला धरून खाली बसू लागली. अर्ध्यात आल्यावर तिला पुढे बसवेना. कशीबशी टेकली, पण उठताना तिने दार घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले. ती काही बोलली नाही. पुतण्याने पुढे होऊन तिला दोन्ही हातांनी उठवले. "आजी, लागलं का गं?" एवढेच त्याने विचारले. फळी त्याने स्वतःच उचलून भिंतीला लावली.

त्यानंतर त्या विषयावर आम्ही दोघे बोललो नाही. भारतात मोटारी बनवणे बंद करीत असल्याचे फोर्डने २०२१ साली जाहीर केले. त्यामुळे मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा मिळवायला पुतण्याला तीन आठवडे हिंडावे लागले. त्याने चारही बदलल्या, सोबत नवे शॉक अ‍ॅब्जॉर्बर घातले. गाडी जुन्या उंचीवर उभी राहिली. उलट, थकलेल्या स्प्रिंगांमुळे ती आधीच थोडी बसली होती, हे आम्हांला तेव्हा कळले. नव्या शॉक अ‍ॅब्जॉर्बरमुळे ती वळणावर पूर्वीपेक्षा कमी कलते, असे पुतण्या म्हणतो. त्याच्या वडिलांनी त्या लाल स्प्रिंगा इतकी वर्षे का बसवल्या नसाव्यात, याचे उत्तर आम्हांला ठाऊक नाही. आईच्या गुडघ्यांची तक्रार मात्र शस्त्रक्रियेच्याही फार आधीची आहे.

पावसाळा संपल्यावर आम्ही सारे माळशेजला जाऊन आलो. पुतण्या चालवत होता, आई पुढे बसली होती, आम्ही मागे. घाटातल्या एका वळणावर ती म्हणाली, "तुझा बाप इथं जरा जोरात घ्यायचा." पुतण्या हसला आणि गाडी सावकाशच वळवली.

लाल स्प्रिंगा पुसून, तेलाचा हात देऊन पुतण्याने त्याच वर्तमानपत्रात पुन्हा गुंडाळल्या. त्या आता माळ्यावर आहेत.