अर्धा डाव

जंबिया, म्हणजे आखूड सुरा, हा मुळात दोघांचा खेळ. एकाने वार करायचा, दुसऱ्याने तो मनगटाशी अडवायचा, बाजूला वळवायचा, जमलं तर त्याचाच हात त्याच्याच अंगाकडे न्यायचा. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेल्या दहा खंडांच्या व्यायामज्ञानकोशात लाठी, फरीगदगा, बोथाटी यांच्या जोडीला जंबियाही आहे. पण जोडीदार काही रोज मिळत नाही. मग पहाटे गच्चीवर लाकडी जंबिया घेऊन मी अर्धाच डाव खेळते. दुसरा अर्धा हवेत असतो. या हवेतल्या अर्ध्यावरच सगळा सराव उभा आहे, असं मला आता ठामपणे वाटतं.

शिर माथ्यावर, तमाचा कानशिलावर, बाहेरा त्याच्या उलट अंगाने, कोथळा पोटात. हे घाव हाताला फार लवकर येतात. पायांना वेळ लागतो. वस्तादांनी मला कितीतरी दिवस नुसतं पवित्र्यात फिरवलं, हात पाठीशी बांधल्यासारखे ठेवून. गुडघे सैल, नजर समोरच्याच्या छातीवर, एक पाऊल तिरकं बाहेर, दुसरं त्याच्या मागोमाग ओढून. पाय एकमेकांना ओलांडू द्यायचे नाहीत. सरळ मागे जाणाऱ्याच्या मागे धावून येणं सोपं असतं, तिरकं सरकणाऱ्यासाठी समोरच्याला वळावं लागतं. त्या वळण्यात जो क्षण जातो, तेवढाच आपला.

आणि मग डावा हात. एकट्याने सराव करणाऱ्याचा खरा कस या रिकाम्या हातात लागतो. उजव्या हातात काहीतरी धरलेलं असलं की मन तिकडेच धावतं आणि डावा कमरेपाशी लोंबत राहतो, किंवा तोल सांभाळायला पंखासारखा बाहेर जातो. तो छातीशी हवा. पंजा मानेच्या खाली, मनगटाची आतली बाजू आपल्याकडे वळलेली, कारण शिरा तिथे कातडीच्या अगदी लगत असतात. प्रत्येक वारानंतर उजवा हात गेला त्याच वाटेने परत येतो की खाली पडतो, हेही पाहायचं. जाणारा हात सगळ्यांनाच सुंदर दिसतो. मला परत येणारा हात पाहायला आवडतो. त्यावरून माणसाने किती सराव केलाय ते कळतं.

एकट्याच्या सरावात एक मोठा धोका आहे. हवेतला शत्रू फार आज्ञाधारक असतो. आपलं पाऊल तयार झालं की तो येतो, आपण शिर अडवायला सज्ज झालो की शिरच मारतो, आणि आपण जिंकलो की नाहीसा होतो. अशा शत्रूशी वर्षानुवर्षं लढून हात गुळगुळीत होतात, पण डोळे झोपलेलेच राहतात. त्याला बेभरवशाचा करायला मी माझ्या गल्लीची मदत घेते. कोल्हापूरची पहाट गप्प नसते. दूधकट्ट्याकडे निघालेल्या म्हशी, मोटारसायकलींचे हॉर्न, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, देवळातली घंटा. मी ठरवून टाकते: हॉर्न वाजला की शिर आलं, घंटा झाली की तमाचा, कुत्रं भुंकलं की कोथळा, आणि शिट्टी झाली की सगळं सोडून मागच्या जिन्याकडे. मग फिरत राहायचं आणि वाट पाहायची. कधी बराच वेळ काहीच येत नाही, खांदे भरून येतात, मन भलतीकडे जातं, आणि नेमका तेव्हाच खालून हॉर्न. कधी घंटा आणि कुत्रं एकदम. गल्लीला माझ्या पावलाची काही पडलेली नसते, म्हणून ती मला चांगली शिकवते.

शिट्टीचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी 1983 साली एका लेखात मांडलं, की सुरा घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापून येतो. तेवढ्या वेळात समोरचा जेमतेम पिस्तूल काढून झाडू शकतो. मी गच्चीवर 21 फूट मोजून खडूने रेघ मारली आणि कठड्याशी उभी राहून पाहिलं. रेघ लांब वाटली होती. तिच्यावरून कुणी धावत येतंय असं मनात आणलं, तर एक श्वासही पुरा होत नाही. छोट्या हत्याराची सारी भीती अशी अंतराची आहे. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या भेटीत जे घडलं, तेही आलिंगनाच्या अंतरावर. सभासदाच्या बखरीत तिथे बिचवा आणि वाघनखं येतात, लांब पात्याची तलवार त्या मिठीत कुणाला फिरवता आली असती? म्हणून माझा प्रत्येक डाव दूर जाण्याने संपतो. वार करून तिथेच उभं राहणं मी स्वतःला कधीच चालू देत नाही.

समारंभातली मर्दानी खेळांची प्रात्यक्षिकं मला मनापासून आवडतात. भिंगरीसारखा फिरणारा दांडपट्टा पाहून अंगावर काटा येतो. पण तो वेग एकट्याने, धारेच्या पात्यावर, घरी मिळवायला जाऊ नये. लाकूड हळू फिरवलं की चूक दिसते: कोपर उघडं पडलंय, हनुवटी वर गेलीय, श्वास अडकलाय. वेगात या सगळ्यावर पांघरूण पडतं.

अलीकडे गल्लीतल्या दोन मुली कठड्याशी येऊन उभ्या राहतात. ताई, आम्हाला पण शिकव, म्हणाल्या. धाकटीचे डोळे जंबियावरून हलत नाहीत. आधी पवित्रा, मग डावा हात, मग आवाजावर सरकणं, असं मी मनाशी ठरवलंय. लाकूड त्यांच्या हातात इतक्यात देणार नाही. थोरली रुसेल बहुतेक. धाकटी मात्र आत्ताच, कुणी न सांगता, हॉर्न वाजला की एक पाऊल तिरकं टाकते.