धुळीच्या भरवशावरचा पाऊस

११ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने देशातील बहुतेक कोळसा-आधारित वीजकेंद्रांना धुरातील सल्फर डायऑक्साइड काढून घेणारी एफजीडी यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. मूळ नियम डिसेंबर २०१५चा. मुदत दोन वर्षांची होती. ती पुढे ढकलत ढकलत नियमच बहुतेकांपुरता उरला नाही. त्याच सुमारास हवामान विभाग आणि पुण्याच्या आयआयटीएममधील शास्त्रज्ञांच्या एका अभ्यासाची बातमी आली. १९८७ ते २०२१ या काळात दहा केंद्रांवर गोळा केलेल्या पावसाच्या पाण्याचा सामू बहुतेक ठिकाणी हळूहळू उतरतो आहे. विशाखापट्टणम, प्रयागराज आणि आसामातील मोहनबारी यांची नावे त्यात ठळकपणे आली.

विद्यार्थ्यांपुढे बोलताना मला हमखास एक प्रश्न येतो : भारतात आम्लवर्षा होते की नाही? पाठ्यपुस्तकात ती युरोपातील मेलेली तळी आणि ताजमहाल यांच्या जोडीने येते आणि तिथेच संपते. उत्तर देण्यापूर्वी मी त्यांना धुळीविषयी सांगतो. हवेतील सूक्ष्म कणांवरून प्रकाश कसा विखुरतो हे मोजणे हे माझे काम. त्यामुळे धूळ हा माझा नित्याचा, काहीसा त्रासदायक सोबती आहे.

हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने अगदी स्वच्छ पावसाचाही सामू सुमारे ५.६ असतो. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे ढगांत व हवेत सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल बनते व सामू त्याखाली जातो. एवढा कोळसा जाळणाऱ्या देशात तसे व्हायलाच हवे होते. तरीही उत्तर व पश्चिम भारतातील पाऊस अनेक दशके ५.६च्या वरच राहिला, कारण थरच्या वाळवंटातून आणि कोरड्या शेतांतून उडणाऱ्या मातीत कॅल्शियम कार्बोनेट असते. ते आम्लाशी संयोग पावते आणि जिप्सम तयार होते.

ही अभिक्रिया तिन्ही ठिकाणी एकच आहे, हे मला फार बोलके वाटते. ताजच्या संगमरवरावर आम्ल पडले तर दगडाचे जिप्सम होते. चुनखडीवर चालणाऱ्या एफजीडी यंत्रणेत धुराड्यातच चुनखडीचे जिप्सम होते. आकाशात तेच काम धूळ करते, विनामोबदला. (ताज पिवळा पडण्यात काजळी आणि धूळ यांचाही मोठा वाटा आहे; सारा दोष आम्लावर टाकणे बरोबर नाही.)

अनुमापनाचा प्रयोग आठवा. ब्युरेटमधून आम्ल थेंबथेंब पडत असते, चंचुपात्रातील अल्कधर्मी द्रावणाचा सामू बराच वेळ फारसा हलत नाही, आणि मग मोजक्या थेंबांत तो कोसळतो. दहा केंद्रांवरची संथ उतरण मी त्या वक्राच्या सपाट भागासारखी वाचतो. सामूचा एक अंक म्हणजे हायड्रोजन आयनांची दहापट वाढ. पण त्याहून महत्त्वाचे हे, की धूळ शिल्लक आहे तोवर सामू आपल्याला आम्लाचे खरे प्रमाण सांगतच नाही. ते सल्फेटच्या मोजणीत दिसते.

ही धूळ सर्वत्र आणि सर्वकाळ नसते. उन्हाळ्यात ती भरपूर असते. पहिल्या काही सरी ती धुऊन काढतात आणि नंतरच्या पावसाला तिचे पाठबळ कमी मिळते. ईशान्य भारतात तर ती मुळातच थोडी, आणि तिथली माती आधीच आम्लधर्मी. छोटा नागपूरच्या तांबड्या मातीचेही बऱ्याच अंशी तसेच. अशा मातीवर आम्ल पडत राहिले की कॅल्शियम व मॅग्नेशियम वाहून जातात आणि मुळांना विषारी असलेले ॲल्युमिनियम मोकळे होते. गंगेच्या खोऱ्यातील चुनखडीयुक्त माती हे बराच काळ सोसू शकते.

सूट देण्यामागचा युक्तिवाद पोकळ नव्हे. भारतीय कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का असते आणि हवेतील सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी मर्यादेत मोजला जातो. पण तो वायू वाऱ्याबरोबर जाताना सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो, आणि वायू मोजणाऱ्या यंत्राला ते दिसत नाहीत. फुप्फुसात मात्र पोहोचतात. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. त्यात आणखी एक विसंगती आहे. २०१९पासूनच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा बहुतांश पैसा रस्त्यांवरची धूळ आवरण्यात गेला. धूळ कमी व्हायलाच हवी, पण आम्ल तसेच ठेवून केवळ धूळ हटवली तर चंचुपात्रातला अल्क आपणच ओतून देत आहोत.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यंदा एक काम करता येईल. पहिल्या सरीचे आणि सलग चार दिवस पाऊस झाल्यानंतरचे पाणी स्वच्छ प्लॅस्टिकच्या भांड्यात उघड्यावर धरा, छपरावरून ओघळलेले घेऊ नका. सामू लगेच मोजा, आणि कागदी पट्टीने नको. पावसाच्या पाण्यात आयन इतके विरळ असतात की पट्टी फसवते. महाविद्यालयाचा सामूमापक आधी प्रमाणित द्रावणांवर जुळवून घ्या आणि आकडा स्थिर व्हायला काही मिनिटे द्या.