पाचगणीची बंगली आणि हळदीचं रान

सातारा-सांगली भागात फिरायला जायचं तर फेब्रुवारीत जावं. थंडी बोचत नाही, पाचगणीला स्ट्रॉबेरी भरात असते आणि खाली सांगलीकडे हळद काढायला सुरुवात झालेली असते. आमच्या वन्सं इंग्लंडहून आल्या होत्या, म्हणून आम्हीही हाच महिना धरला. पंचवीस वर्षं त्या तिकडे आहेत. नागरिकत्व तिकडचं आणि जवळ आपल्या सरकारचं ओसीआय कार्ड.

साताऱ्यात कंदी पेढे घेतले, वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन झालं आणि पसरणीचा घाट चढू लागलो. वळणावळणावर खाली धोम धरणाचं निळं पाणी दिसतं. ते पाहूनच वन्सं म्हणाल्या, "वहिनी, इथं दोन-चार गुंठे घेऊन छोटी बंगली बांधली तर?" पाचगणीला आलेल्या प्रत्येकाला हे वाटतं! टेबल लँडवर वारा खात आम्ही अंगण, तुळशीवृंदावन, सगळं ठरवूनही टाकलं.

जागा दाखवायला एक गृहस्थ तयारच होते. जागा सुरेख होती, पण सातबारावर ती शेतजमीन. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, हे आपण ऐकून असतो. वन्संची अडचण त्याहून मोठी. ओसीआय कार्डवाल्यांना भारतात घर, फ्लॅट, दुकान घेता येतं, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. शिवाय महाबळेश्वर-पाचगणीचा टापू २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, तिथं बांधकामाला वेगळे निर्बंध. "ताई, पुढचं पुढं बघू, इसार तर द्या," असं ते गृहस्थ म्हणाले, तेव्हाच आम्ही गाडीत बसलो.

हॉटेलात वन्संचा पासपोर्ट मागितला तेव्हा त्या जरा खट्टू झाल्या. आपल्याच गावात पाहुणी झाले, म्हणाल्या. पण परदेशी नागरिक मुक्कामाला आला की हॉटेलवाल्याला चोवीस तासांत सरकारला कळवावं लागतं. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर थांबलो. कृष्णा-कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात, बघण्यासारखं आहे. मग पेठ नाका, आष्टा, आणि दुतर्फा उसातून सांगली. गणपतीच्या देवळात गेलो, भडंगही झालं. पण खरं काम गावी होतं. मामंजींनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं तीन एकर हळदीचं रान. सासूबाई आधीच गेलेल्या, मामंजी मृत्युपत्र न करता गेले आणि वारसनोंद राहून गेलेली. खरं तर ती तीन महिन्यांत कळवायची असते.

ओसरीवर चहा झाला आणि चुलत सासरे सहज म्हणाले, "ताईसाहेब तर परदेशात. हक्कसोडावर सही करून टाकू दे, म्हणजे कागद सुटसुटीत." वन्सं लगेच म्हणाल्या, "करते की. मला काय करायचंय जमीन घेऊन?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. अर्धं रान आमच्या पदरात पडत होतं, खोटं कशाला बोलू? पण पाचगणीचं ताजं होतं. मी म्हटलं, "वन्सं, थांबा. तुम्हाला शेतजमीन विकत घेता येत नाही, तशी भावानं बक्षीस दिली तरी घेता येत नाही. वारसानं मात्र मिळते. आज सोडलीत तर उद्या ह्यांच्या मनात आलं तरी परत देता येणार नाही." ओसरीवर सगळे गप्प झाले.

मग सांगलीतल्या वकिलीणबाईंकडे गेलो. त्यांनी हेच सांगितलं, आणखीही बरंच सांगितलं. वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत तो २००५ पासून जन्मानंच मिळतो आणि त्यासाठी वडील त्या वेळी हयात असायला हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. लग्न झालं, नागरिकत्व बदललं, म्हणून वारसा बुडत नाही. सातबारावर नाव नाही म्हणूनही बुडत नाही. सही करून सोडला तरच जातो. मात्र वन्संना वाटा विकायचा झाला, तर तो भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल, आणि आपल्या राज्याच्या कायद्यानं तो शेतकरीही हवा.

ह्यांनी एका शब्दानं कुरकूर केली नाही, हे सांगायला हवं. तलाठ्यांकडे (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज दोघांच्या नावानं दिला. आता फेरफार धरला जाईल, हरकतीसाठी पंधरा दिवस जातील, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतील. तोवर वन्संचं विमान निघून जाणार. तिकडून मुखत्यारपत्र पाठवायचं तर आपल्या वकिलातीतून साक्षांकित करून आणायचं आणि इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा, तेही वकिलीणबाईंनी वहीत लिहून दिलंय.

येताना वन्संनी रानातली दोन किलो ओली हळद मागून घेतली. लोणचं घालायचंय म्हणाल्या.