जुनी नौका पारखताना

आमच्या फुलसावंगीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. व्यवहार कापूस आणि सोयाबीनचा. मोठे पाणी म्हणावे तर पैनगंगेचे. अशा गावच्या व्यापाऱ्यावर शिडाची नौका पारखण्याची वेळ यावी, याचे मलाच नवल वाटले. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने गोव्यात विक्रीस असलेली, 1979 साली बांधलेली 36 फुटी फायबरग्लासची केच घ्यायचे ठरविले. आधी किनाऱ्याने हिंडायचे, मग लक्षद्वीपच्या पलीकडे जायचे, असा त्याचा बेत. मालकाने 24 लाख सांगितले होते. निम्मी रक्कम त्याने माझ्याकडे मागितली.

"दादा, एक रुपयाही देऊ नकोस," धाकट्या बहिणीने बजावले. तिच्या भीतीला कारण होते. ऑगस्ट 2021 मध्ये आमच्या गावातील एका तरुण कारागिराने स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते तुटले आणि तो गेला. त्याच्या बुद्धीविषयी आजही सारे आदरानेच बोलतात. मात्र पोराने काही नवे आणले की येथील आई आधी विचारते, "कोणी तपासले का?"

म्हणून दिवाळीनंतर भाच्यासह मी गोव्याला गेलो. केचला दोन डोलकाठ्या असतात. मागची आखूड, सुकाणूच्या पुढे. शिडे विभागलेली असल्याने प्रत्येक शीड लहान, दोघांना आवरता येण्याजोगे. वारा चढला की मधले मोठे शीड उतरवून पुढच्या-मागच्या शिडांवर चालता येते. अर्थात काठ्या दोन म्हणजे तारा आणि खर्चही अधिक. 1969 मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम पुरी करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली' ही 32 फुटी केचच होती, आणि ती मुंबईत सागवानात बांधलेली होती, हे मला तेथेच कळले.

नौका पाण्याबाहेर काढल्याशिवाय बोलणे नको, ही माझी पहिली अट. तपासनिसाने लहान हातोडीने सारा तळ ठोकून पाहिला. आपण मडके वाजवून घेतो तसेच: ठणठणीत आवाज आला तर थर एकजीव, बद्द आवाज आला तर आत सुटलेले. मग त्याने ओलावामापक काढला आणि मला हायसे वाटले. कापूस खरेदीत 8 टक्क्यांवर ओलावा दिसला की भाव उतरतो, हे आम्हांस शिकवावे लागत नाही. तळावर पाण्याचे बारीक फोड होते. भाचा घाबरला. तपासनीस म्हणाला, फोडांनी क्वचितच नौका बुडते. जुन्या काळी बांधणाऱ्यांना या द्रव्याच्या बळाची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी तळ जाड ठेवले.

खरा दोष वर होता. डोलकाठीभोवतीच्या डेकच्या दोन थरांमधील लाकूड भिजले होते. काठीला धरणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना बांधतात, त्या पट्ट्या डेकमधून आत शिरतात तेथेच गंजल्या होत्या. बाहेरून लखलखीत, आत पोखरलेल्या. तारा साधारण दहा ते पंधरा वर्षांनी बदलतात; या कधी बदलल्या, याची पावती मालकापाशी नव्हती. पावती नसलेला माल मी तरी जुनाच धरतो. इंजिन चालू झाले, एवढेच त्याविषयी सांगण्यासारखे.

भाच्याने अभिलाष टॉमी यांचा दाखला दिला. 'सुहैली'च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'वर ते 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले होते. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात नौका उलटली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. फ्रेंच जहाजाने त्यांना वाचविले. पुढे ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि 2023 मध्ये दुसरे आले. "पाहा मामा, जिद्द!" भाचा म्हणाला. मी म्हणालो, "नवी, निष्णातांनी बांधलेली नौका आणि नौदलाचा कसलेला अधिकारी असूनही काठ्या मोडल्या. तुझ्या पट्ट्या तर आजच गंजलेल्या आहेत."

परतताना गाडीत हिशेब मांडला. पट्ट्या, तारा, डेकची दुरुस्ती, तळाचे व्हॉल्व्ह आणि शिडे मिळून अंदाज 11 लाखांवर गेला. तळ मात्र उत्तम होता, आणि तळ चांगला असेल तर बाकीचे बदलता येते, हे तपासनिसाचे मत मला पटले. मी मालकाला 12 लाखांचे लेखी बोलणे केले. बहिणीला अहवाल वाचून दाखविला. तिने पट्ट्यांचे छायाचित्र दोनदा पाहिले आणि म्हणाली, नव्या तारांची पावती माझ्या हाती आल्यावरच तो बंदर सोडील, हे त्याच्याकडून लिहून घे.

भाच्याने लिहून दिले आहे. मालकाचे उत्तर अजून यायचे आहे.