जुने संगणक आणि त्यांचा नित्यपाठ

वयाची साठी उलटल्यावर मनुष्यानें आपला पसारा आवरावा, वाढवूं नये, असा शिष्टांचा उपदेश आहे, व तो मला मान्यही आहे. तथापि हसनाबाद येथील माझ्या घरीं, माजघरालगतच्या खोलींत, गेलीं बारा वर्षें चार जुने संगणक नांदत आहेत; आणि निवृत्तिवेतनाचा लहानसा अंश दरमहा त्यांच्या दुरुस्तीवर खर्च होतो. "मास्तर, आतां संगणक खिशांत घेऊन हिंडण्याचे दिवस आले, हीं धुडें कशाला जपतां?" असें येणारा-जाणारा विचारतो. आजवर हंसून वेळ मारून नेतां येत असे. परंतु येत्या वर्षीं आमच्या एकत्र घराची वांटणी व्हावयाची असून ती खोली थोरल्या बंधूंच्या वांट्यास जाणार आहे. तेव्हां हे संगणक ठेवावे, कोणास द्यावे, कीं मोडींत घालावे, याचा निर्णय मला करावयाचा आहे. आणि त्यासाठीं ते मुळांत कां जपले याचा विचार करणें प्राप्त झालें आहे.

या चारांपैकीं दोन 'बी. बी. सी. मायक्रो' नांवाचे आहेत. इंग्लंडांतील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीनें बी. बी. सी. या नभोवाणी-संस्थेच्या संगणकशिक्षणाच्या उपक्रमासाठीं तो १९८१ सालीं तयार केला. आपल्या सरकारनें १९८४-८५ सालीं 'क्लास' नांवाची योजना काढून प्रथम सुमारें अडीचशें शाळांना संगणक पुरविले, ते याच जातीचे. उरलेले दोन 'स्पेक्ट्रम' होत. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें तो १९८२ सालीं इंग्लंडांत बाजारांत आणला. पुढें १९८६ मध्यें डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीनें परवाना घेऊन त्याची सुधारलेली आवृत्ति येथें विकावयास आरंभ केला. हा संगणक घरच्या टेलिव्हिजनला जोडावयाचा, आणि त्याचीं पुस्तकें म्हणजे गाण्याच्या असतात तशाच साध्या कॅसेटी. एखादा मोठा खेळ यंत्रांत उतरावयास पांचेक मिनिटें लागत, आणि तेवढा वेळ कॅसेटींतील कर्कश आवाज ऐकत व पडद्याच्या कडेचे निळे-पिवळे पट्टे पाहत मुलें श्वास रोधून बसत.

मी संस्कृतचा शिक्षक. ज्या शाळेंत मी नोकरीस होतों तेथें बी. बी. सी. मायक्रो होते. त्यांचें रीतसर शिक्षण गणिताच्या शिक्षकांस मिळालें. मी त्यांच्यापाशीं बसून शिकलों. पुढें नवीन यंत्रें आलीं, जुनीं अडगळींत पडलीं, आणि एके दिवशीं वजनावर विकावयास निघालीं. भंगारवाल्यानें जो भाव दिला असता तोच देऊन दोन यंत्रें मीं घरीं आणिलीं. स्पेक्ट्रम मागाहून आले. एक पुण्याच्या जुन्या बाजारांतून, व दुसरा एका माजी विद्यार्थ्याच्या माळ्यावरून. आमचें जालना हें पोलादाच्या गिरण्यांचें शहर आहे. तेथें लोखंडाचें भंगार भट्टींत वितळून त्याची पुन्हां सळई होते. लोखंडास असा पुनर्जन्म आहे, संगणकास नाहीं. त्यांतील तांबें तेवढें काढून घेतलें म्हणजे मागें केवळ चुरा उरतो.

जुन्या वस्तूंचा संग्रह ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांनीं अडकित्ते, दिवे, दौती, कुलपें अशा नित्याच्या वस्तु आयुष्यभर गोळा केल्या, अकालीं निवर्तलेल्या पुत्राच्या, राजाच्या, नांवें संग्रहालय उभें केलें, आणि अखेर तें धन महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. असें संग्रहालय पाहून आलेल्या माणसास वाटेल कीं संगणकही तसाच कांचेच्या कपाटांत ठेवावा. पण येथें एक भेद आहे. अडकित्ता कांचेआड ठेवला तरी त्याचें पातें, त्याची बिजागरी, त्यावरील मोर-पोपट पाहून तो कशासाठीं व कसा वापरीत हें लहान मुलालाही उमगतें. बंद संगणकाचें तसें नाहीं. तो बंद आहे तोंवर केवळ कळांची एक पेटी आहे. त्याचें सारें सत्त्व तो चालूं असतांनाच प्रकट होतें.

म्हणून मला संग्रहालयापेक्षां वेदपाठशाळेची उपमा अधिक जवळची वाटते. वेद टिकले ते नित्य पठणानें. त्यांत चुकीचा वर्ण शिरूं नये म्हणून पूर्वजांनीं पद, क्रम, जटा, घन असे पाठ योजिले. पदें पुढें-मागें फिरवून म्हटलीं कीं चूक आपोआप उघडी पडते. कॅसेटींतही असाच पहारा ठेविलेला असतो. प्रत्येक भागाच्या शेवटीं, आधींच्या सर्व अंकांवरून काढलेला एक ताळ्याचा अंक ध्वनिरूपानें नोंदलेला असतो. यंत्र वाचतांना तो स्वतः पुन्हां काढतें, आणि ताळा जुळला नाहीं तर तत्काळ तसें सांगतें. मात्र चूक कळली तरी गेलेलें अक्षर परत येत नाहीं. माझ्यापाशीं १९८८ सालची एक कॅसेट आहे. तींत माझ्या वर्गांतील मुलांनीं लिहिलेले कार्यक्रम आहेत. एकानें तर 'राम' शब्दाच्या सातही विभक्ति यंत्राकडून विचारून घेण्याची सोय केली होती. त्या कॅसेटीचा अर्धा भाग आतां वाचतां येत नाहीं. फितीवरील चुंबकी लेप सुटत चालला आहे. उरलेला अर्धा मीं नव्या यंत्रांत उतरवून ठेविला, तो जुनें यंत्र चालूं होतें म्हणूनच.

तें चालूं ठेवणें म्हणजे रोजचें किरकोळ काम. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत धूळ, पावसाळ्यांत दमट हवा, आणि बारमाही विजेचा लहरीपणा. चिपा खोबणींत बसविलेल्या असतात. उष्णतेनें फुगून व थंडीनें आंखडून त्या कालांतरानें उचलल्या जातात, आणि यंत्र विनाकारण बंद पडल्यासारखें वाटतें. त्या हलकेच दाबून बसविल्या कीं पुष्कळदां प्रकृति सुधारते. स्पेक्ट्रमच्या कळांखालीं पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. त्याची शेपटी जुनी झाली कीं ठिसूळ होऊन तुटते, ती बदलावी लागते. कॅसेटयंत्राचा रबरी पट्टा सैल पडतो. त्या काळच्या अनेक यंत्रांच्या वीजपुरवठ्यांत जे कपॅसिटर आहेत त्यांच्या कवचास तडे जाऊन ओल शिरते, आणि वीज देतांच त्यांतून दुर्गंधी धूर निघतो. ते आधींच काढून नवे बसविणें हें शहाणपणाचें. बी. बी. सी. मायक्रोची पेटी कालांतरानें पिवळी पडते, कारण आग लागूं नये म्हणून प्लास्टिकमध्यें मिसळलेल्या द्रव्यांत ब्रोमिन असतें. हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप देऊन ती उन्हांत ठेवली कीं रंग बराच परत येतो. चैत्रांत गच्चीवर आमच्या पेटीचें झांकण असेंच वाळत होतें, तेव्हां वहिनी म्हणाल्या, "भावजी, कुरडयांच्या शेजारीं हें औषध नको." तेव्हांपासून गच्चीची पश्चिमेची बाजू कुरडयांची व पूर्वेची संगणकाची, असा तह झाला आहे.

एवढा खटाटोप ज्यासाठीं, तो लाभ आतां सांगतों. बी. बी. सी. मायक्रोची स्मृति बत्तीस किलोबाइटची, म्हणजे सुमारें बत्तीस हजार अक्षरांची. आजच्या फोनमधील एका छायाचित्रास याच्या शंभरपट जागा सहज लागते. पण या लहानपणामुळेंच तें यंत्र शिकणाऱ्यापासून कांहीं लपवीत नाहीं. आमची नात इयत्ता आठवींत आहे. तिनें त्या यंत्रावर देवनागरी अक्षरें घडविलीं. यंत्राचें प्रत्येक अक्षर आठ ओळींचें, व प्रत्येक ओळींत आठ ठिपके; ठिपका एक तर पेटलेला, नाहीं तर विझलेला. मीं तिला पिंगलाचें छंदःशास्त्र सांगितलें. तेथें अक्षर एक तर लघु, नाहीं तर गुरु. आठ अक्षरांच्या चरणाचे सर्व प्रस्तार मांडले तर ते २५६ होतात. यंत्राच्या एका ओळीचेही प्रकार बरोबर २५६ च, शून्यापासून २५५ पर्यंत. शिरोरेखेसाठीं आठही ठिपके पेटवावे लागतात, म्हणून तिचा अंक २५५. आठही अक्षरें गुरु असलेल्या वृत्ताचें नांव विद्युन्माला, म्हणजे विजेची माळ. नातीनें २५५ हा अंक देतांच काळ्या पडद्यावर शिरोरेखा उजळली, तेव्हां तें नांव तिला निराळें समजावून सांगावें लागलें नाहीं. यंत्र स्वतंत्र अक्षरांस एका वेळीं बत्तीसच जागा देतें. वर्ण, मात्रा व जोडाक्षरें त्यांत मावत नाहींत. तेव्हां कोणतीं घ्यावीं व कोणतीं गाळावीं याचा तिला चार दिवस विचार करावा लागला. तो विचार हेंच शिक्षण होय. नव्या यंत्रांत अक्षरें आयतीं मिळतात, आणि तें सोईचेंही आहे. परंतु अक्षर कसें होतें हें तेथें दिसत नाहीं.

थोरल्या बंधूंशीं बोलणें झालें. ते म्हणाले, "अरे, खोलीचें काय घेऊन बसलास? राहूं दे हवें तितके दिवस." हा त्यांचा मोठेपणा. पण त्यांच्या नातवंडांस अभ्यासाला जागा हवी आहे, आणि माझ्या छंदाचा भार दुसऱ्याच्या वांट्यावर पडावा हें मला रुचत नाहीं. शिवाय माझा हात आतां कापूं लागला असून कथलाचा बारीक डाग पूर्वीसारखा नेमका बसत नाहीं. म्हणून मीं ठरविलें तें असें. एक बी. बी. सी. मायक्रो, आणि तोही उत्तम चालणारा, शिक्षक झालेल्या एका माजी विद्यार्थ्यास द्यावयाचा. अट एकच, कीं पंधरवड्यांतून एकदां तो मुलांच्या हातीं चालूं झाला पाहिजे. एक स्पेक्ट्रम नातीचा. उरलेले दोन सुट्या भागांसाठीं माळ्यावर. यांबरोबर एक वहीही जाईल. कोणता भाग कोठें बिघडतो व कसा दुरुस्त करावा हें मीं तींत मराठींत, आकृत्यांसह, लिहून काढलें आहे. कारण वहीवांचून यंत्र म्हणजे गुरूवांचून पोथी. उत्तम यंत्र देतांना जिवास लागलें, हें मी लपवीत नाहीं. पण न चालणारें दान देणें हें दान नव्हे.

वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर असा एखादा संगणक गुंडाळून ठेविला असेल, तर त्यांस एवढेंच विनवितों. त्यास एकदम वीज लावूं नका; आधीं जाणकाराकडून आंतील वीजपुरवठा तपासून घ्या. स्पेक्ट्रम असेल तर त्यास नऊ व्होल्टांचा, पण मध्यभागीं ऋण टोंक असलेला पुरवठा लागतो. आजकाल बाजारांत बहुधा याच्या उलट मिळतो, आणि तो लावल्यास यंत्र बिघडतें. आणि सर्वांआधीं कॅसेटी पाहा. यंत्राची पेटी आणखी वीस वर्षें थांबेल, फितीवरील अक्षरें थांबणार नाहींत. कदाचित् त्यांत तुमच्याच घरांतील कोणा मुलानें चाळीस वर्षांपूर्वीं लिहिलेलें कांहीं असेल, आणि तो मुलगा आज घरचा कर्ता पुरुष असेल. त्याला जवळ बसवून तें एकदां चालवून पाहावें.