टिटवीचं पिल्लू

आमच्या म्हसळ्याहून समुद्र दिसत नाही. जंजिऱ्यापाशी आत शिरलेल्या राजपुरीच्या खाडीचा एक फाटा आमच्यापर्यंत येतो, तोच आमचा समुद्र. तिथल्या खाजणाच्या बांधावरून संध्याकाळी फिरायचं हा निवृत्तीनंतरचा माझा नेम. गेल्या मे महिन्यात सुट्टीला आलेला नातू बरोबर होता.

बांधाच्या वळणावर दोन टिटव्या ओरडत अंगावर आल्या. एक तर माझ्या टोपीला चाटून गेली! पुढे पाऊल टाकलं की कालवा वाढे, मागे सरलो की कमी होई. म्हणजे अंडी जवळच असणार. टिटवीचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा उथळ खळगा आणि भोवती चार खडे. त्यात चार आठवडे बसायचं, तेही मे महिन्याच्या उन्हात. अंडी तापू नयेत म्हणून ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते.

नातवालाच दिसली. मातकट, काळ्या ठिपक्यांची तीन अंडी, माझ्या पायापासून चार हातांवर. चौथ्याचं पिल्लू झालं होतं आणि जरा पलीकडे जमिनीला चिकटून पडलं होतं.

"आजोबा, मेलंय का हो?"

मेलं नव्हतं. आईने धोक्याची हाक दिली की ही पिल्लं अशीच निपचित पडतात. नातवाने उचलायला हात पुढे केला. मी तो धरला, जरा जोरातच.

खरं सांगू का मंडळी, मी स्वतः टिटवीला दगड मारलेले आहेत. नऊ-दहा वर्षांचा असेन. वडील तापाने अंथरुणाला खिळलेले. रात्री टिटवी ओरडली की आई म्हणे, "हाकल रे तिला, अभद्र मेली." मी अंधारात आवाजाच्या रोखाने दगड भिरकावी. वडील गेले. पुढे कित्येक वर्षं तो आवाज आला की वाटे, माझा नेम चुकला म्हणून गेले. हे मी हिलासुद्धा कधी सांगितलं नाही.

शाळेत मात्र 'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण दरवर्षी शिकवली. अंडी नेणाऱ्या समुद्राशी भांडणाऱ्या टिटवीची पंचतंत्रातली गोष्ट तर अगदी रंगवून सांगायचो. पण आमच्या परसामागे रात्री ओरडणारी टिटवीही आपल्या अंड्यांसाठीच ओरडत असेल, हे गुरुजींच्या डोक्यात कधी आलं नाही. असो.

आम्ही आल्या पावली मागे फिरलो आणि लांब जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने एक टिटवी थांबत थांबत आली, अंड्यांवर बसली. मग पिल्लू उठलं आणि तुरुतुरु तिच्या पंखाखाली शिरलं.

"आजोबा, उधाणाचं पाणी आलं तर?"

अमावास्या चार दिवसांवर होती. मी काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी खळगा रिकामा होता. पाणी अजून चढलं नव्हतं. बांधापलीकडच्या कोरड्या शेतात दोन्ही टिटव्या ओरडत होत्या. पिल्लं किती ते गवतात मोजता आलं नाही.

त्या रात्री जेवताना तोच आवाज आला. नातू म्हणाला, "आजोबा, तुमची टिटवी."