सातारा ते सांगली : न्याहारीच्या बांकावरून

सातार्‍यास गेलेला प्रवासी अजिंक्यतारा पाहतो, कंदी पेढे बांधून घेतो आणि परत फिरतो. त्या गांवाची सकाळ मात्र पेठेंतील एखाद्या लहानशा उपाहारगृहांतच पाहावी, असें आम्हांस वाटतें.

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही अशाच एका ठिकाणीं न्याहारीस बसलों. दाराशींच पातेल्यांत तांबडाभडक कट रटरटत होता. मालकानें मोड आलेल्या मटकीची उसळ ताटलींत घातली, तिजवर फरसाण व कांदा पसरला, वरून कट ओतला आणि लिंबाची फोड व पाव शेजारीं ठेवला. पहिल्याच घासास डोळ्यांत पाणी उभें राहतें; तरी हात थांबत नाहीं! आमच्या बांकावर एक हमाल, एक वकील व शाळेस निघालेलीं दोन मुलें होतीं. कटाचें भांडें सर्वांपुढें सारखेंच फिरत होतें.

आमच्या आजोबांच्या पिढीस हें दृश्य रुचलें नसतें. बाहेरचें खाणें म्हणजे विटाळ, अशी त्यांची समजूत. त्या समजुतीची खरी किंमत कोणीं मोजली, हें सांगलीच्या वाटेवर ध्यानीं येतें.

सातार्‍याहून रेल्वेनें निघालें, कीं मसूर स्थानक लागतें. १९०१ च्या सुमारास सातार्‍यास राहणारे बाळ भीमराव आंबेडकर भावंडांसह वडिलांकडे जाण्यास येथें उतरले. जात कळतांच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडें देऊन गाडी मिळाली, ती मुलांनींच हांकावी लागली. टोपलींत अन्न होतें, पण वाटेंत कोणी पिण्यास पाणी देईना. म्हणून तीं मुलें त्या रात्रीं उपाशीं निजलीं. पुढें त्याच सातार्‍यांत १९२४ सालीं भाऊराव पाटलांनीं वसतिगृह काढून सर्व जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविलें. आजचा तो बांक आपोआप झालेला नाहीं.

सांगलीस उतरल्यावर दुसरी न्याहारी भडंगाची. टपोरे चुरमुरे, तळलेले शेंगदाणे, लसूण, कढीलिंब, तिखट आणि हळद! हळद तर येथील बाजारपेठेचें वैभवच. गांवाशेजारच्या हरिपुरास तिच्या साठवणुकीसाठीं जमिनींत पेंवें खणीत. माहुलीस वेण्णेला पोटांत घेऊन आलेल्या कृष्णेस तेथें वारणा मिळते. भडंगाचा पुडा घेऊन घाटावर बसावें आणि वर चहा घ्यावा, यासारखें सुख नाहीं.

वाचकांनीं या वाटेस जातांना घरांतील वडीलधार्‍यांस व मुलांबाळांस अवश्य बरोबर न्यावें. मुलांस मिसळ खाऊं घालावी, आणि गाडी मसूर स्थानकांत शिरतांच ती हकीकतही सांगावी.